शब्दचर्चा: ‘सापडले’ की ‘ओळख पटली’?

माहीमकर
जुहूच्या वाळूतल्या मायक्रोप्लास्टिकवर आठवी-नववीच्या मुलांसाठी टिपण लिहितेय. सूक्ष्मदर्शकाखाली निळा धागा दिसला, तर ‘सूक्ष्मप्लास्टिक सापडले’ लिहावं का? आणि स्पेक्ट्रोस्कोपीला मराठीत काय म्हणू?

खाडीकाठ
ताई, ‘सापडले’ एवढ्यात नको. कण ५ मिलिमीटरपेक्षा लहान आहे, रंगीत आहे, एवढ्यावरून तो प्लास्टिकचा ठरत नाही. निळा धागा जीन्सचा, म्हणजे चक्क कापसाचाही असू शकतो. तोवर ‘संशयित कण’ म्हणा. वर्णपट (कणावर प्रकाश टाकून मिळणारा आलेख) जुळला की मग ‘ओळख पटली’. पोलिसांच्या बातम्यांतला हा शब्दप्रयोग इथे अगदी चपखल बसतो, कारण इथेही मिळालेला वर्णपट आधीच्या नोंदींशी ताडून बघतात.

अवरक्त (इन्फ्रारेड) किरण टाकले की रेणूंमधले बंध ठरावीक तरंगसंख्यांनाच (एका सेंटिमीटरमध्ये मावणाऱ्या लहरींच्या संख्या) ते शोषतात. पिशव्यांच्या पॉलिएथिलीनला २९१५ आणि २८४८ च्या आसपास जोडशिखरं दिसतात. कापसाला ३३०० जवळ रुंद, पसरट पट्टा येतो. दोन्ही आलेख शेजारी ठेवले तर मुलांनाही फरक कळेल.

सहज_वाचक
अवरक्त डोळ्यांना दिसतच नाही, मग त्याला ‘वर्ण’पट कसं म्हणायचं?

खाडीकाठ
शब्द रूढ झालाय, राहू द्या. स्पेक्ट्रोस्कोपी या शास्त्राला ‘वर्णपटविज्ञान’ आणि प्रत्यक्ष कामाला ‘वर्णपट-तपासणी’ असा भेद मात्र जरूर ठेवा. आणि रामन तपासणी अवरक्तात घालू नका. तिथे लेसरचा विखुरलेला प्रकाश मोजतात. १९२८ साली रामन यांनी दाखवलेला तोच परिणाम. अवरक्त सूक्ष्मदर्शकाला साधारण १०-२० मायक्रॉनखालच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कणांची अडचण येते, रामन १ मायक्रॉनपर्यंत पोचतं.

दर्यावर्दी
‘जुळला’ हाही शब्द जपून वापरा. किनाऱ्यावर उन्हात पडून राहिलेल्या पॉलिएथिलीनमध्ये १७१५ च्या आसपास कार्बोनिलचं (कार्बन-ऑक्सिजनच्या दुहेरी बंधाचं) नवं शिखर उगवतं आणि नव्या प्लास्टिकच्या नोंदीशी जुळणी कमी भरते. म्हणून ‘किती टक्के जुळला’ ते लिहा. बरेच अभ्यासक ७० टक्के ही किमान मर्यादा धरतात.

माहीमकर
फार उपयोगी. आणि ‘ब्लँक’ला काय म्हणू?

दर्यावर्दी
‘कोरा नमुना’. वाळू न घालता बाकी सगळी प्रक्रिया तशीच करायची. हवेतून, कपड्यांवरून पडलेले धागे त्यात दिसतात. त्यांचा हिशेब लागेपर्यंत जुहूच्या नावावर एकही धागा लिहू नका.