केहिमकर इतिहासकार की नुसते दंतकथा टिपणारे?

कुलाबाकर: कालच्या पोस्टमध्ये म्हटलंय, आपल्या बेने इस्रायलांचे, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजाचे, पूर्वज अलिबागजवळच्या नौगावला गलबत फुटून किनाऱ्याला लागले, ही दंतकथा हाईम सॅम्युएल केहिमकरांनी इंग्रजीत उतरवली, 'एवढंच'. वाचून डोकं फिरलं. बेने इस्रायलांचा इतिहास त्यांनी १८९७ मध्ये लिहिला, छापला गेला १९३७ मध्ये, तेल अवीवला. ते बघायला ते राहिले नाहीत. नव्याचा सण (यहुदी नववर्ष), दरफाळणीचा सण (प्रायश्चित्ताचा दिवस) ही आपली जुनी नावं त्यांनी टिपली नसती तर आज कोणाला ठाऊक असती? समाजाच्या मुलांसाठी मुंबईत १८७५ साली शाळा काढली ती वेगळीच.

पुरावाहवा: शाळेबद्दल आदर. पण पूर्वज इथे आल्याचा काळ केहिमकर इ.स.पू. १७५ देतात, तो कशावरून? म्हणे समाजाला हनुक्का हा नंतर सुरू झालेला यहुदी सण माहीत नव्हता, म्हणजे पूर्वज त्याआधीच निघाले. अहो, शेमा ही मुख्य प्रार्थना सोडून बाकी प्रार्थना विसरलेली माणसं हनुक्काही विसरली असतील! ना शिलालेख, ना ताम्रपट.

अष्टमीची लेक: गावोगाव तेलाचा घाणा चालवणाऱ्या आणि शनिवारी तो बंद ठेवतात म्हणून शनवार तेली म्हटलेल्या आमच्या पूर्वजांना ताम्रपट कोण देणार होतं? पुरावा मागणारे आम्ही खूप पाहिलेत. इस्रायलमध्ये माझ्या मावशीचं लग्न ठरलं तेव्हा यहुदी धर्मगुरूंच्या कचेरीत पणजीपर्यंतची चौकशी झाली. घरी शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळणारी, एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करणारी बाई, ती यहुदी आहे की नाही हे दुसऱ्यांनी ठरवायचं! १९६४ मध्ये तिथल्या सरकारला आमच्या बाजूने बोलावं लागलं, तेही आमच्या लोकांनी धरणं धरलं म्हणून.

रोह्याचा: अन्याय झालाच. पण आपल्यातच 'गोरे' आणि मिश्र विवाहांतले म्हणवले जाणारे 'काळे' असे गट होते, त्यांच्यात रोटीबेटी बंद होती, तेही बोला की.

अष्टमीची लेक: बोलते ना! आमच्याच घरातली एक सोयरीक त्यावरून मोडली. म्हणून कचेरीतला अपमान खरा नव्हता का?

पुरावाहवा: विषय केहिमकरांचा होता.

कुलाबाकर: तोच आहे. आपण कोण, हे परक्यांनी सांगू नये म्हणूनच त्यांनी लेखणी धरली. २०१६ च्या जनुकीय अभ्यासातही मध्यपूर्वेचा अंश निघालाच.

पुरावाहवा: निघाला. पण इथल्या लोकांशी झालेली ती सरमिसळ काही शतकांपूर्वीची, दोन हजार वर्षांची नव्हे. रीतिरिवाजांसाठी केहिमकर वाचावेच लागतात, एवढं देतो. सनावळीसाठी नाही.

कुलाबाकर: मग 'एवढंच' हा शब्द पोस्टमधून काढा.