गोळ्या वाटण्यापेक्षा शेजारी बसून बोलणं

विद्यार्थ्यांची आरोग्य शिबिरं म्हणजे बीपी बघायचं, गोळ्या वाटायच्या आणि निघायचं, त्यांचा काही उपयोग नाही, असं काही जण म्हणतात. नुसत्या गोळ्या वाटून भागत नाही हे पटलं, बाकीचं नाही.

सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यात एका शिबिरात नर्सिंगच्या मुलींसोबत होते. बऱ्याच बायकांचं हिमोग्लोबिन आठ-नऊ (१२ च्या खाली म्हणजे रक्तक्षय). आशाताईंनी दिलेल्या लोहाच्या गोळ्या घरात तशाच पडून! शी काळी होते म्हणून घाबरून बंद केलेल्या. डॉक्टरांना हे कुणी सांगितलं नव्हतं, त्या पोरींना सांगितलं. एक जण चुलीपाशी बसून समजावत होती, "मावशी, काळी होणारच, काही बिघडत नाही. लिंबूपाण्यासोबत घ्या, वर लगेच चहा नको." हे काम शिकाऊ मुलंही नीट करू शकतात.

पण गरोदर बाईला किमान १८० दिवस गोळी लागते, आणि कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेचं (एनएसएस) शिबिर सात दिवसांचं. म्हणून अशा बायकांची नावं पुढच्या पाठपुराव्यासाठी आशाताईंच्या हवाली केलीच पाहिजेत.

आणि कृपा करून शिबिरं दिवाळीआधी घ्या. डिसेंबर-जानेवारीत जतची कितीतरी घरं ऊसतोडीला गेलेली असतात. ज्यांना तपासणीची सगळ्यात जास्त गरज, त्याच बाया तेव्हा गावात नसतात.