मदत हवी आहे : सोलापूरच्या सेटलमेंटबद्दल जुनी कागदपत्रं कुठे मिळतील?

नमस्कार मंडळी, भाचीला शाळेचा प्रोजेक्ट करायचाय आणि विषय तिनेच निवडलाय, इंग्रजांचा १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा. मला तरी शाळेत हे कुणी शिकवलं नव्हतं. पारधी, कैकाडी अशा जमातीत जन्मलं की झाला गुन्हेगार, गुन्हा करायचीही गरज नाही! आपल्याकडे हा कायदा नंतर लागू झाला आणि सोलापुरात तर तारेच्या कुंपणात अख्खी वस्ती (तिलाच सेटलमेंट म्हणायचे), रोज हजेरी, बाहेर जायला पास. आमच्या शेजारचे आजोबा तिथेच वाढलेत, वडिलांचं बोट धरून हजेरीच्या रांगेत उभं राहिल्याचं सांगतात आणि मग एकदम गप्प होतात, पुढे विचारायला जीव होत नाही. देश सुटला १५ ऑगस्ट १९४७ ला, हे लोक सुटले ३१ ऑगस्ट १९५२ ला, म्हणजे पाच वर्षं सोळा दिवसांनी. भाचीनेच मोजले.

तर विचारायचं हे की हजेरीची रजिस्टरं, पास वगैरे कुठे बघायला मिळतील? मुंबई किंवा पुण्याच्या पुराभिलेखागारात कुणी शोधलंय का, परवानगी कशी काढायची? आणि आजोबांचं रेकॉर्डिंग करावं का, की नकोच?