डिस्क टकटक करतेय आणि नेटही वाटायचंय, आधी काय करू?

नमस्कार मंडळी,

मदत हवीये आणि जरा घाईने हवीये. आमच्याकडे खालच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे, त्याला मोडेमची केबल थेट जोडलेली, मोडेमला वायफाय नाही आणि पोर्टही एकच, त्यामुळे नेट फक्त त्या एका कॉम्प्युटरवर. वरच्या खोलीत ह्यांचा लॅपटॉप आहे, ह्यांना आता जिना उतरवत नाही, म्हणून मला खालचं नेट वर द्यायचंय. असं करता येतं हे ऐकून आहे पण नक्की कुठे काय दाबायचं ते सापडत नाहीये. डेस्कटॉपला वायफाय आहे, विंडोज १० आहे.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. आमचं सगळं त्याच डेस्कटॉपवर आहे, साधारण १८० जीबी. फोटो, व्हिडिओ, सासऱ्यांची पत्रं मी स्कॅन करून ठेवलेली, आणि सासूबाईंनी सांगितलेल्या आठवणी, त्या बोलायच्या आणि मी टाइप करायचे, ४२ पानं आहेत. याची दुसरी कॉपी कुठेच नाही. आणि कालपासून कॉम्प्युटर चालू केला की आतून टक-टक, टक-टक असा आवाज येतो, मग सगळं थिजतं, माउसही हलत नाही, मग आपोआप परत चालू. आधी नेट जोडून फाइली लॅपटॉपवर पाठवू की सरळ नेटवर चढवून टाकू? ५०० जीबीची एक एक्स्टर्नल ड्राइव्ह घरात रिकामी पडलीये, तिचा काही उपयोग?

काकू

*

विषय: पुन्हा: डिस्क टकटक करतेय

> आधी नेट जोडून फाइली लॅपटॉपवर पाठवू की

काकू, नेटचं आत्ता पूर्ण बाजूला ठेवा. तो आवाज हार्ड डिस्कचा आहे. आतलं वाचणारं हेड जागा शोधायला जातं, ती सापडत नाही, परत मागे येतं, परत जातं, त्याचा तो टक-टक. अशी डिस्क दोन महिने चालू शकते किंवा आज संध्याकाळीच थांबू शकते, बाहेरून कोणालाही सांगता येत नाही. त्यामुळे ती रिकामी ड्राइव्ह म्हणजेच आत्ता सगळ्यात मोठा उपयोग आहे.

ड्राइव्ह डेस्कटॉपच्या मागच्या निळ्या यूएसबी पोर्टला लावा, निळा म्हणजे बहुतेक वेळा यूएसबी ३, तो वेगवान असतो. सगळ्यात आधी त्या ४२ पानांची फाइल. मग पत्रं. मग फोटो, एकेक वर्षाचा फोल्डर घेऊन. व्हिडिओ शेवटी, कारण ते आकाराने मोठे आणि त्यातले बरेचसे दुसऱ्या कोणाकडे तरी असतात. अख्खी डिस्क एका दमात ओढायला जाऊ नका, एखाद्या खराब फाइलवर अडकली तर पुढचं सगळं तिथेच खोळंबतं, अडकली की ती फाइल सोडा आणि पुढे चला. आणि कृपा करून कॉपीच करा, कट करू नका. व्हायरस स्कॅन, डीफ्रॅग, चेकडिस्क यातलं काहीही चालवायचं नाही, ते सगळे डिस्क या टोकापासून त्या टोकापर्यंत पिंजून काढतात आणि आजारी डिस्कला तेवढं पुरतं. परत परत बंद-चालू पण करू नका. आवाज सलग यायला लागला तर मात्र कॉम्प्युटर बंद करून तिथेच थांबा, मग ते डेटा रिकव्हरीवाल्यांचं काम, आपलं नाही.

नेटवर का नको ते सांगतो. तुमचा अपलोड किती आहे ते बिलावर बघा, समजा १० मेगाबिट आहे. बिट आणि बाइट यात आठाचा फरक, म्हणजे सेकंदाला सव्वा मेगाबाइट. १८० जीबी त्या वेगाने चढवायला सलग ४० तास लागतात. तेच यूएसबी ३ वरून धडधाकट डिस्क तास-दोन तासात करते. तुमची जास्त वेळ घेईल, घेऊ दे, पण ४० तास तिला चालवत ठेवण्यात अर्थ नाही.

एवढं आज करा, नेटचं मी उद्या नीट लिहितो.

*

विषय: पुन्हा: पुन्हा: डिस्क टकटक करतेय

काकू, मला एक वेगळंच विचारायचंय. आठवणी कशात टाइप केल्यात? युनिकोडमध्ये, म्हणजे ज्यात मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवली जातात, की जुन्या फॉन्टमध्ये? जुनं काम असेल तर फार शक्यता आहे की नॉन-युनिकोड फॉन्ट असेल, त्या फॉन्टमध्ये मराठी अक्षराच्या जागी कॉम्प्युटरच्या लेखी इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फॉन्ट फक्त त्यांना मराठी चेहरा देतो. म्हणजे फाइल वाचली आणि फॉन्ट गेला तर नवीन कॉम्प्युटरवर नुसता इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतो. मी अशा फाइली दुरुस्त करत बसलेय म्हणून सांगते. डेस्कटॉप चालू आहे तोवर विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून तो फॉन्ट पण त्या ड्राइव्हवर उचला. आणि तिथल्या तिथे त्या फाइलची एक पीडीएफ करून ठेवा, पीडीएफमध्ये फॉन्ट सहसा आत बसतो, निदान डोळ्याने वाचता तरी येईल. युनिकोडमध्ये बदलणं नंतर निवांत करू, कन्व्हर्टर मिळतात पण जोडाक्षरं आणि रफार हटकून चुकतात, ओळ न् ओळ वाचावी लागते. ते मी करून देईन, खरंच, ४२ पानं काही जास्त नाहीत.

*

विषय: पुन्हा: पुन्हा: डिस्क टकटक करतेय

मंडळी, मी सहसा इथे लिहीत नाही पण काकूंचा मेल वाचून राहवलं नाही. काकू, ड्राइव्हवर एकदा कॉपी झाली की काम झालं असं समजू नका आणि सिंक म्हणजे बॅकअप असं तर अजिबात समजू नका. माझ्या बाबांचा आवाज माझ्याकडे होता. फोनवर रेकॉर्ड केलेल्या १७ फाइली, त्यात ते नातवाला गोष्ट सांगतायत, मध्येच खोकतायत, पाणी मागतायत. फोन, लॅपटॉप आणि क्लाउड तिन्हीकडे आपोआप सिंक होत होतं म्हणून मी निर्धास्त, तीन कॉपी आहेत की. लॅपटॉपवर जागा कमी पडली म्हणून तिथला फोल्डर डिलीट केला, तर सिंकने त्याचं काम चोख केलं, क्लाउडवरून काढला, फोनवरूनही काढला. तिथल्या कचरापेटीत ३० दिवस असतो, मला कळलं दोन महिन्यांनी. सिंक म्हणजे आरसा आहे, इथे जे कराल ते तिथे दिसणार, चूकसुद्धा. बॅकअपला जुनं लक्षात राहायला हवं, परवाचं, मागच्या महिन्याचं.

तेव्हापासून मी पीटर क्रोग या फोटोग्राफरने रूढ केलेला ३-२-१ नियम पाळते. तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि एक घराबाहेर. घराबाहेर कशाला असं मलाही वाटायचं, पण आग, पाणी, चोरी यात कॉम्प्युटर आणि त्याच्या शेजारी ठेवलेली ड्राइव्ह एकदमच जातात. आणि कॉपी झाली की ड्राइव्हची केबल काढायची. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा प्रोग्राम आला तेव्हा तो दीडशे देशांत पोचला होता, असले प्रोग्राम कॉम्प्युटरला जोडलेली प्रत्येक ड्राइव्ह कुलूपबंद करतात, बॅकअपची सुद्धा. केबल काढलेली असेल तर तिच्यापर्यंत पोचता येत नाही.

*

विषय: नेट वाटणे (पुन्हा: डिस्क टकटक करतेय)

काकू, बॅकअपबद्दल ताईंनी लिहिलंय त्यातला शब्द न् शब्द मनावर घ्या. आता नेटचं.

तुमच्याकडे एका घराला एकच पत्ता आलाय असं समजा. आयपी पत्ते, म्हणजे नेटवर यंत्राची ओळख सांगणारे आकडे, जुन्या पद्धतीत ३२ बिटांचे, म्हणजे एकूण साधारण ४२९ कोटीच, ते पुढे पुरणार नाहीत हे दिसत होतं, म्हणून १९९० च्या दशकातच काही पत्ते फक्त घरातल्या वापरासाठी बाजूला काढले, १९२.१६८ ने सुरू होणारे त्यातलेच. डेस्कटॉप बाहेरचा पत्ता स्वतःकडे ठेवतो, लॅपटॉपला आतला पत्ता देतो, आणि कुठली मागणी कोणाची होती याची वही ठेवतो, उत्तर आलं की ज्याचं त्याला देतो. विंडोजमध्ये ही सोय १९९९ च्या विंडोज ९८ सेकंड एडिशनपासून आहे, नवीन काही नाही.

तुमच्या विंडोज १० मध्ये सेटिंग्ज, नेटवर्क, मग मोबाइल हॉटस्पॉट. नाव मोबाइल असलं तरी केबलने आलेलं नेटही ते वाटतं. कुठलं कनेक्शन वाटायचं तिथे इथरनेट, म्हणजे केबलचं नेट, निवडा, पासवर्ड लांब ठेवा, चालू करा, मग वर जाऊन लॅपटॉपच्या वायफायमध्ये ते नाव दिसेल. ते नाही जमलं तर जुनी पद्धत आहे, नेटवर्क कनेक्शन्समध्ये जाऊन प्रॉपर्टीज, शेअरिंग, आणि तिथे टिक. ही टिक जिथून नेट येतं त्या कनेक्शनवर करायची, जिकडे द्यायचंय तिकडे नाही, नव्वद टक्के लोकांचं अडतं ते इथे. बरोबर झालं की लॅपटॉपला १९२.१६८.१३७ ने सुरू होणारा पत्ता मिळतो, तो दिसला की समजा साखळी जुळली. आणि डेस्कटॉपचं स्लीप बंद करायला विसरू नका, तो झोपला की वरचं नेट गेलं.

पण मनापासून सांगतो, ही तात्पुरती सोय समजा. ज्या कॉम्प्युटरची डिस्क मरायला टेकलीये त्याच्यावर घराचं नेट लटकवून ठेवू नका. साधा राउटर मोडेम आणि डेस्कटॉपच्या मधे बसवा, वहीचं तेच काम तो करतो, दिवसरात्र चालू राहतो, आणि पाहुण्यांसाठी वेगळं गेस्ट नेटवर्क देतो. हॉटस्पॉटवर आलेला माणूस तुमच्याच नेटवर्कमध्ये असतो, तुम्ही एखादा फोल्डर पासवर्डशिवाय शेअर केलेला असेल तर तो त्यालाही उघडा.

*

विषय: पुन्हा: नेट वाटणे

अरे, तू सांगितलंस तसं सगळं केलं पण दोन ठिकाणी अडलेय. आठवणी, पत्रं, फोटो गेले ड्राइव्हवर, रात्री दीडपर्यंत बसले होते, ११ फोटो काही केल्या वाचले नाहीत, ते सोडले. पण एक मोठा व्हिडिओ आहे, साडेपाच जीबीचा, तो घेतच नाही, फाइल फार मोठी आहे म्हणतो, आणि ड्राइव्हवर तर जागा आहे ढीगभर!

आणि आता लॅपटॉपला नेट मिळालं म्हणून ड्राइव्ह लॅपटॉपला लावून क्लाउडवर चढवायला लावलं तर ह्यांचा व्हिडिओ कॉल तुटायला लागला, मुलगी बोलतेय आणि चेहरा नुसता गोठलेला. डाउनलोड तर चांगला आहे आमचा, मग असं का?

काकू

*

विषय: पुन्हा: पुन्हा: नेट वाटणे

> ड्राइव्हवर तर जागा आहे ढीगभर!

ड्राइव्ह फॅट३२ मध्ये, म्हणजे फाइली साठवायच्या एका जुन्या पद्धतीत, फॉरमॅट केलेली आहे, त्यात एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसतच नाही. एक्सफॅट हवं, पण फॉरमॅट केलं की ड्राइव्हवरचं सगळं जातं, आणि आत्ता तीच तुमची एकमेव चांगली कॉपी आहे, त्यामुळे हिला हातही लावू नका. दुसरी ड्राइव्ह तशीही लागणारच आहे ३-२-१ साठी, तिला आधी एक्सफॅट करा आणि व्हिडिओ तिच्यावर घ्या.

कॉलचं असं की अपलोडची वाट चिंचोळी असते. बॅकअपने ती पूर्ण भरली की कॉलचा आवाज, चित्र त्याच रांगेत मागे उभे राहतात, आणि डाउनलोड झालेल्याची पोच पण त्याच वाटेने जाते म्हणून येणारंही मंदावतं. बॅकअपच्या प्रोग्राममध्ये अपलोड मर्यादा असते, ती तुमच्या वेगाच्या निम्म्यावर ठेवा. ४० तासांचे ८० होतील, पण एकदाच, नंतर फक्त बदललेल्या फाइली जातात. किंवा रात्रीची वेळ लावून द्या.

आणि एक काम कराच. लॅपटॉपवर ड्राइव्ह लावून आठवणींची फाइल उघडून बघा. फाइलचं नाव दिसणं वेगळं आणि ती उघडणं वेगळं.

*

विषय: उघडली!

मंडळी, उघडून बघितली. पहिल्यांदा उघडली तेव्हा पानभर नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, उद्गारचिन्हं, माझ्या हातापायातलं बळच गेलं. मग फॉन्टचा मेल आठवला, ड्राइव्हवर घेतलेला फॉन्ट लॅपटॉपवर बसवला, फाइल बंद करून परत उघडली आणि सगळं पान एकदम मराठी झालं. पहिलं वाक्य, "मला आठवतं तेव्हापासून आमच्या घरात पहाटे दिवा लागायचा." ह्यांनी वरच्या खोलीत बसून सगळी ४२ पानं वाचली, मला मध्ये बोलू दिलं नाही.

मोठा व्हिडिओ मात्र काल दुसऱ्या ड्राइव्हवर अर्ध्यात आला आणि डेस्कटॉप बंद पडला. आता चालू होतो पण डिस्कच दिसत नाही म्हणतो, आणि टक-टकही नाही. तो व्हिडिओ मुलीकडे आहे, ती पाठवतेय. बाकी सगळं पहिल्या ड्राइव्हवरून दुसरीवर उतरवलं, फोल्डर न् फोल्डर उघडून बघितला. राउटर उद्या बसवतोय, तोपर्यंत मोडेमची केबल लॅपटॉपलाच लावलीये आणि लॅपटॉप खाली आणलाय, ह्यांची दोन दिवस गैरसोय.

आणि ताई, अगं घराबाहेरच्या कॉपीचं तू लिहिलंस ना, तर दुसरी ड्राइव्ह पासवर्ड लावून तुझ्याकडे ठेवायला रविवारी घेऊन येतेय. तुझी एखादी असेल तर माझ्या कपाटात जागा आहे. दर तीन महिन्यांनी अदलाबदल करू, त्या निमित्ताने दोघी आपापली उघडून बघू.

काकू