एप्रिलअखेरीस रेल्वेने जपान: क्योतो की तोहोकू? (चर्चा)

रूळांतर

शेजारच्या धाग्यात एकांनी ठाम सल्ला दिलाय: ‘वसंतात जपान म्हणजे तोक्यो, क्योतो, ओसाका. सात दिवसांचा जेआर पास (जपान रेल्वेचं एकरकमी तिकीट) काढा आणि निघा. बाकीचा जपान पुढच्या खेपेला.’ विचारणारं कुटुंब मुलांच्या परीक्षा आटोपून २२ एप्रिलच्या सुमारास निघणार आहे. दिवस नऊ-दहा, आणि साकुरा (चेरीचा बहर) बघायचाच आहे. त्या तारखांना हा सल्ला सपशेल चुकीचा आहे. तिथे लिहिलेलं वाहून जाईल, म्हणून इथे सविस्तर.

आधी पास. ऑक्टोबर २०२३ मध्ये सात दिवसांचा पास २९,६५० येनांवरून ५०,००० वर गेला. तोक्यो ते क्योतो शिनकानसेनचं (बुलेट ट्रेनचं) सुटं तिकीट साधारण १४,००० येन, म्हणजे जाऊन-येऊन २८,०००. हिरोशिमापर्यंत ताणलं तरी परतीसकट ३९,००० च्या आसपास. पास काढून माणशी दहा-अकरा हजार येन उलट जास्तच जातात. शिवाय पासवर ‘नोझोमी’ या सगळ्यात जलद गाडीत बसायचं तर तोक्यो-क्योतोला एका दिशेने ४,९६० येन वेगळे भरावे लागतात. ‘पास काढा’ हा २०२३ पूर्वीचा सल्ला आहे, तो आता थांबवा.

आता तारखा. तोक्योत साकुरा उमलल्याची अधिकृत घोषणा २०२३ साली १४ मार्चला झाली, २०२४ साली २९ मार्चला. सलग दोन वर्षांत पंधरा दिवसांचा फरक. उमलल्यापासून पूर्ण बहराला आठवडा-दहा दिवस लागतात आणि पुढच्या आठवड्याभरात पाकळ्या गळतात. क्योतोचं वेळापत्रक जवळपास तेच. २०२१ मध्ये तर तिथे २६ मार्चलाच पूर्ण बहर होता. वर्ष कितीही उशिराचं असो, २२ एप्रिलला क्योतोच्या नेहमीच्या झाडांवर पानं असतात.

त्या आठवड्यात बहर तोहोकूत असतो. तोहोकू म्हणजे जपानच्या मुख्य बेटाचा उत्तरेकडचा भाग. तोहोकू शिनकानसेन दक्षिणेकडून उत्तरेकडे धावते आणि बहरही त्याच दिशेने सरकतो, म्हणून हा प्रदेश निवडायचा. अंदाज चुकला तर मार्गावरच वर किंवा खाली सरकता येतं. मुक्काम त्याच मार्गावरच्या मोरिओकात ठेवा. तिथून साकुराची ठिकाणं अशी: दक्षिणेला किताकामी वीस मिनिटं, पश्चिमेला काकुनोदाते पाऊण-एक तास, उत्तरेला शिन-आओमोरी तासभर आणि तिथून ओउ मार्गाच्या लोकलने हिरोसाकी चाळीसेक मिनिटं. बॅगा एकाच खोलीत, आणि रोज सकाळी बहराची ताजी खबर पाहून दिशा ठरवायची.

खिडकीची_जागा

पासचं गणित मान्य. बाकीचं सगळं ‘त्या आठवड्यात बहर तोहोकूत असतो’ या एका वाक्यावर उभं आहे आणि ते वाक्य कच्चं आहे. २०२३ साली हिरोसाकीचा बहर एप्रिलच्या मध्यालाच आला. त्या वर्षी २२ तारखेनंतर गेलेल्यांना काय मिळालं असतं?

दुसरं, २९ एप्रिलपासून गोल्डन वीक. सबंध जपान सुट्टीवर. हिरोसाकीत हॉटेलं मोजकी, ती महिनोन् महिने आधी भरतात. तोहोकूच्या ‘हायाबुसा’ आणि ‘कोमाची’ या गाड्यांना विनाआरक्षण डबाच नाही. तोक्यो-क्योतो-ओसाकाच्या तोकाइदो मार्गावर एक गाडी चुकली तर पुढची काही मिनिटांत, आणि ‘हिकारी’, ‘कोदामा’ला विनाआरक्षण डबे असतात. लहान मुलं घेऊन पहिल्यांदा जाणाऱ्याला हा दिलासा फार मोठा आहे.

आणि उंचीचा विचार तुम्ही केलाच नाही. योशिनोच्या डोंगरावर शिमो, नाका, कामी आणि ओकु (खालचा, मधला, वरचा आणि सगळ्यात आतला) असे चार टप्पे आहेत. बहर पायथ्यापासून माथ्याकडे चढत जातो. तुम्ही अक्षांशावर जे करता तेच इथे उंचीवर होतं, तेही ओसाकाहून एका दिवसात जाऊन-येऊन.

रूळांतर

योशिनोला जेआर जात नाही. ती किनतेत्सु या खासगी कंपनीची लाइन, ओसाका-आबेनोबाशीहून. पास घेऊन गेलेल्याला फाटकावर अडवतात आणि वेगळं तिकीट काढायला लावतात, हेही लिहायला हवं होतं. शिवाय २२ एप्रिलला तिथे उरला तर फक्त ओकु-सेनबोन या शेवटच्या टप्प्याचा शेवट. उंचीची युक्ती चांगली आहे, पण ती १० एप्रिलची युक्ती आहे.

२०२३ सारखं वर्ष आलं तर शिन-आओमोरीला थांबू नका. समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे, होक्काइदो बेटावर, शिन-हाकोदाते-होकुतो तासाभरावर आहे, पुढे हाकोदातेला वीसेक मिनिटं. तिथल्या गोर्योकाकू किल्ल्याच्या खंदकाकाठचा बहर एरवी एप्रिलअखेरीला असतो. जेआर ईस्टचा पास मात्र शिन-आओमोरीलाच संपतो, पुढचं तिकीट वेगळं. (त्यांच्या तोहोकू पासचा दरही मार्च २०२४ मध्ये २०,००० वरून ३०,००० येन झाला. घ्यायच्या दिवशी ताजा दर पाहून, सुट्या तिकिटांची बेरीज समोर ठेवूनच ठरवा.)

हिरोसाकीत उशीर झाला तरी सगळं हातचं जात नाही. बहर ओसरला की पाकळ्या किल्ल्याच्या खंदकात पडून पाणी गुलाबी होतं, आणि कित्येक जण मुद्दाम त्यासाठीच जातात. तिथली झाडं सफरचंदाच्या बागांतल्या पद्धतीने छाटतात, म्हणून एकेका डहाळीवर फुलं दाट येतात. क्योतोत हा दाटपणा नाही.

आरक्षणाचं म्हणाल तर ‘हायाबुसा’ पूर्ण आरक्षित आहे हे खरं. पण मोरिओकाच्या उत्तरेला आणि मोरिओका-आकिता पट्ट्यात आरक्षणाशिवाय चढून रिकाम्या जागेवर बसता येतं. त्या जागेचा माणूस आला की उठायचं, एवढंच. म्हणून तर मुक्काम मोरिओकात सांगितला.

दक्षिणायन

दोघंही साकुरा सोडून बोलायला तयार नाहीत. वसंत म्हणजे एकच फूल नव्हे. एप्रिलअखेरीला क्युशूत, म्हणजे दक्षिणेच्या बेटावर, किताक्युशूच्या कावाची बागेत विस्टेरियाचे (जांभळ्या घोसांच्या वेलींचे) बोगदे भरात असतात, डोंगर कोवळे हिरवे होतात, थंडी गेलेली असते. तुमच्या हिरोसाकीत त्याच आठवड्यात रात्री पारा पाच अंशांच्या खाली जातो. जॅकेटाशिवाय मे महिन्याच्या तयारीने गेलेली मुलं तिथे कुडकुडतात.

रेल्वेसाठीच जायचं असेल तर क्युशूइतकं वैविध्य कुठे नाही. फुकुओकाच्या हाकाता स्थानकाहून युफुइनला जाणारी ‘युफुइन नो मोरी’, आसोच्या ज्वालामुखीच्या कड्यात झिगझॅग चढणारी होही लाइन, कागोशिमापर्यंतची शिनकानसेन. एक सावधगिरी मात्र पाळा. जुन्या पुस्तकांत हितोयोशीमार्गे जाणारी हिसात्सु लाइन डोळे झाकून सुचवलेली असते. जुलै २०२० च्या पुरानंतर यात्सुशिरो ते योशिमात्सु हा भाग बंद पडला. नागासाकीलाही सरळ शिनकानसेन नाही: ‘रिले कामोमे’ एक्सप्रेसने ताकेओ-ओनसेनपर्यंत जायचं आणि त्याच फलाटाच्या समोरच्या बाजूला शिनकानसेन पकडायची. समोरासमोर असल्याने बॅगांसकटही सोपं जातं.

मेतकूट

सगळं वाचलं. शाकाहारी आईवडील बरोबर असतील तर यातलं काहीच कामाचं नाही. तोक्यो-ओसाकात भारतीय हॉटेलं आहेत. तुमच्या मोरिओकात संध्याकाळी सातला काय खायचं? माझं मत: प्रदेश जेवणावरून ठरवा, आणि कुठेही गेलात तरी इलेक्ट्रिक कुकर बरोबर न्या. तांदूळ, मूगडाळ, कढीपत्ता घेतला की दहा दिवस चिंता नाही.

साधा_डबा

मेतकूट, हा सल्ला कुणी पाळण्याआधी थांबवतो, कारण यातली प्रत्येक वस्तू अडचणीची आहे.

कुकर: जपानात वीज १०० व्होल्ट. आपला कुकर २३० चा. तापणाऱ्या उपकरणाची ताकद व्होल्टेजच्या वर्गाने घटते, म्हणजे ७०० वॉटचा कुकर तिथे जेमतेम १३० वॉट देतो. एवढ्यात एक लिटर पाणी उकळायला, उष्णता जराही वाया न घालवता, चाळीस मिनिटं लागतील. प्रत्यक्षात भांड्यातून उष्णता निसटत राहते आणि पाणी उकळीला येतच नाही. डाळ कच्ची, भाताचा चिकट गोळा. ट्रान्सफॉर्मर न्यायचा तर तो कित्येक किलोचा. आणि बहुतेक हॉटेलांत खोलीत शिजवायला मनाई असते.

धान्य: कच्चा तांदूळ, डाळी हे वनस्पती क्वारंटाइनमध्ये येतं, प्रमाणपत्र लागतं. ताजा कढीपत्ता तर लिंबूवर्गीय झाडांवर रोग पसरवणाऱ्या किडीमुळे सरळ काढून घेतात. एप्रिल-मेत जाणारे हापूसची पेटीही उचलतात. ती विमानतळावरच जाते.

मेतकूट

मग सत्तर वर्षांच्या माणसाने दहा दिवस केळ्यांवर काढायचे का? नियम सांगणं सोपं आहे. घरच्या म्हाताऱ्या माणसांना उपाशी ठेवून कसला बहर दाखवणार तुम्ही? इथे गाड्यांच्या डब्यांचे क्रमांक चर्चिले जातात आणि जेवण म्हटलं की लोकांना ते किरकोळ वाटतं, याचा मला खरोखर संताप येतो.

साधा_डबा

किरकोळ मुळीच नाही, म्हणूनच एवढं लिहिलं. उपाय असा: सुपरमार्केटात शिजवलेल्या भाताची बंद पाकिटं मिळतात, साधारण २०० ग्रॅमची. झाकणाची कड उचलून मायक्रोवेव्हमध्ये दोन मिनिटं. बऱ्याच बिझनेस हॉटेलांत पेयांच्या यंत्रापाशी सामायिक मायक्रोवेव्ह असतो, खोली घेताना तो आहे का एवढं विचारा. घरून मेतकूट, डांगर, कोरड्या चटण्या, भाजून दळलेली पिठं न्या. दही तिथे सगळीकडे मिळतं.

बाहेरच्या खाण्यात खरा अडथळा दाशीचा, म्हणजे माशाच्या अर्काचा. सोबा आणि उदोन नूडल्स, मिसो सूप, इनारीचं (टोफूचं) आवरण, सगळ्यात तो असतो. ओनिगिरी (भाताचा गोळा) घेताना नुसती मिठाची किंवा उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) घ्या आणि तरीही घटकांची यादी अ‍ॅपने वाचा. ‘कात्सुओ’ (बोनिटो मासा) दिसलं की परत ठेवा. अ‍ॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. सक्तीच्या यादीत अंडं, दूध, गहू, सोबा (बकव्हीट), शेंगदाणे, अक्रोड, कोळंबी, खेकडा असे पदार्थ आहेत, कात्सुओ नाही. चौकट कोरी म्हणजे शाकाहारी, हा समज चुकीचा.

दक्षिणायन

यात क्योतोचाही मोठा फायदा नाही. तिथलं मठांतलं शोजिन जेवण शाकाहारी असतं, पण महाग, आधी सांगावं लागतं आणि बहुधा दुपारपुरतं. रोजचं रात्रीचं जेवण त्यावर भागत नाही.

मेतकूट

पाकिटबंद भाताचं मान्य. कुकरचं गणितही मान्य. पण ही माहिती प्रदेश निवडायच्या चर्चेत पहिल्या प्रतिसादात हवी होती, मी भांडल्यावर नव्हे.

खिडकीची_जागा

मूळ मुद्द्यावर येऊ. २२ एप्रिलनंतर आणि साकुराच हवा असेल तर तोहोकू, हे मी नाइलाजाने मान्य करतो. पण ‘क्योतो चुकीचं’ हे मान्य नाही. साकुराची अट काढली तर क्योतो-हिरोशिमा आजही पहिल्या खेपेला सगळ्यात सुटसुटीत. आणि तोहोकू सुचवताना चुका कुठे होतात तेही सांगा, नाहीतर कुटुंबं अडकतात. मोरिओकाला गाडी दुभंगते हे तुम्ही अजून लिहिलेलं नाही.

रूळांतर

रास्त आहे. लिहितो.

तोक्योहून ‘हायाबुसा’ आणि ‘कोमाची’ जोडून निघतात. १ ते १० डबे हायाबुसाचे, ११ ते १७ कोमाचीचे. दोघांच्या मधून आत ये-जा करता येत नाही. मोरिओकाला त्या वेगळ्या होतात: एक आओमोरीकडे, एक काकुनोदातेमार्गे आकिताकडे. घाईत चुकीच्या अर्ध्यात चढलात तर मोरिओकाच्या आधीच्या थांब्यावर उतरून फलाटावरून डबा बदला. किताकामीला बहुतेक हायाबुसा थांबत नाहीत, तिथे ‘यामाबिको’ ही जास्त थांबे घेणारी गाडी पाहा.

आरक्षण प्रवासाच्या बरोबर एक महिना आधी जपानच्या सकाळी दहाला उघडतं, म्हणजे आपल्या साडेसहाला. २५ एप्रिलच्या गाडीसाठी २५ मार्चला साडेसहाच्या आधी लॉगिन करून बसा. कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या अ‍ॅपमधून आदल्या दिवशीच सुरू करा. ते बहुधा बंद असतात आणि पैसे भरतानाच कळतं. ६ ते ११ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट.

सुइका कार्ड (प्रवासाचं प्रीपेड कार्ड) तोक्योत टेकवून आत गेलात आणि तोहोकूतल्या सेंदाइला बाहेर पडायला गेलात तर फाटक उघडणार नाही. विभाग वेगळे आहेत. लांबच्या प्रवासाला तिकीटच घ्या.

आणि तारखा: तोहोकू २३ ते २८ एप्रिलमध्ये उरका, २९ च्या आत तोक्योला परत या. गोल्डन वीक मोठ्या शहरात काढणं सोपं, हे खिडकीची_जागा यांचं म्हणणं इथे लागू पडतं.

खिडकीची_जागा

तोक्योहून पुढे क्योतोला जाणार असाल तर बॅग मोजा. लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटिमीटरवर गेली की तोकाइदो मार्गावर मोठ्या सामानाची जागा आधी राखावी लागते. ती राखायला वेगळे पैसे नाहीत, पण न राखता चढलात तर १,००० येन. आपल्या २८ इंची बॅगा चाकांसकट बरोबर त्या रेषेवर येतात आणि चेन उघडून फुगवल्या की हमखास पुढे जातात. तोहोकूत हा नियम नाही.

दक्षिणायन

क्युशू शिनकानसेनला तो नियम आहे. आणि कावाचीच्या बागेला बहराच्या दिवसांत तिकीट आधीच काढावं लागतं, फाटकावर जाऊन भागत नाही. ज्यांना विस्टेरिया बघायचाय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो, इथे कुणाला रस नसला तरी.