ऑइल पामची रोपं जातायत, काय फवारू? तातडीने सांगा

वाळपईकर: पानांवर तपकिरी ठिपके, भोवती पिवळं वलय. साठातली सतरा रोपं गेल्यात जमा. युरिया घातला, फरक नाही. औषधाचं नाव सांगा, पाऊस थांबायला वेळ आहे.

केपे_बागायत: वय किती? कोंब, म्हणजे कोंब फुटलेलं बी, कुठून आणलं? पिशव्यांना भोकं आहेत का?

वाळपईकर: चार महिने. भोकं आहेत. कोंब नव्हेत, झाडाखाली उगवलेली रोपं उचलून आणली.

माडवाला: मॅग्नेशियम कमी पडलंय. माझ्या पोफळी पिवळ्या पडल्या तेव्हा एप्सम सॉल्टनेच सुधारल्या.

केपे_बागायत: माडवाला बाब, ऑइल पामला मॅग्नेशियम कमी पडलं तर जुनी पानं नारिंगी होतात, तीही उन्हाकडची, सावलीतला भाग हिरवाच राहतो. वलयाचे ठिपके म्हणजे बुरशी. वाळपईकर, पिशव्या चिकटून ठेवल्यात का?

वाळपईकर: हो. जागा कुठाय? घराच्या पागोळीखालीच आहेत.

सांगेकर: जमीन किती आहे? 2021 च्या खाद्यतेल मिशनमधून मदत मिळते, कृषी खात्याच्या झोनल ऑफिसात विचारा.

वाळपईकर: मदतीचं नंतर बघू हो, आधी रोपं!

केपे_बागायत: पागोळीचा चिखल पानांवर उडतोय, तिथून आजच हलवा. पिशव्या सुट्या करा, डागाळलेली पानं कापून जाळा, युरिया बंद. उघडीप मिळाली की मॅन्कोझेब हे बुरशीनाशक फवारा, लिटरला 2 ग्रॅम.
पण रोपं जगली तरी ती लावू नका. बागेतली झाडं टेनेरा, म्हणजे ड्युरा आणि पिसिफेरा या ऑइल पामच्या दोन प्रकारांचा संकर. त्यांच्या खाली पडलेल्या बियांतून साधारण चारातलं एक ड्युरा निघतं, जाड कवचीचं, कमी तेलाचं. एक पिसिफेरा, ज्याला बहुधा फळच धरत नाही. रोपाकडे बघून यातलं काही कळत नाही. नऊ मीटरवर त्रिकोणी लागवड, हेक्टरी 143 झाडं, पंचवीस वर्षं जागा अडणार.

माडवाला: आमच्या आजोबांनी पडलेल्या नारळांचीच रोपं लावली. अजून माड लागतात!

केपे_बागायत: गावठी माडाला कवचीचा हा घोळ नाही. ऑइल पामला संकरित कोंबच आणावे लागतात, आणि ते पिशवीत साधारण वर्षभर वाढवून मगच लावायचे.

वाळपईकर: पिशव्या हलवल्या. वडलांनी दोन खेपा करून डोक्यावरून आणलेली रोपं आहेत, त्यांना कसं सांगू?

सांगेकर: साळींदराचा बंदोबस्त केलाय का? आमच्याकडे कोवळ्या झाडाचा गाभाच खाऊन टाकतं.