अनुभव धागा: पहिली गाडी बघायला कोण कोण गेलं होतं?

कळव्याची मावशी
काल भाच्याने ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेडहून 'घान' गाडीचा व्हिडिओ पाठवला आणि थेट २००४ आठवलं. बहिणीच्या बाळंतपणाला गेले होते. १ फेब्रुवारीला केस्विक स्टेशनातून डार्विनला जाणारी पहिली प्रवासी गाडी सुटायची होती. दक्षिणेच्या किनाऱ्यावरून उत्तरेच्या किनाऱ्याला, २९७९ किलोमीटर! तोवर ती ॲलिस स्प्रिंग्जलाच संपायची, पुढे १४२० किलोमीटर रूळच नव्हते. आश्वासन १९११ चं, म्हणजे आपल्याकडच्यासारखंच. भावोजींनी भर उन्हात नेलं. शेजारी एक आजोबा घडीची खुर्ची, थर्मास घेऊन बसलेले. गाडी हलली तसे ताडकन उठले, टोपी काढली. खुर्ची मागच्या मागे कलंडली, त्यांना पत्ताच नाही. ३ तारखेला गाडी डार्विनला पोचली ते टीव्हीवर पाहिलं.
तुम्ही कुणी असं गेलायत? कुठलीही गाडी चालेल. लिहा.

ऐरोलीकर
२००४ म्हटलं की आम्हाला ठाणे-वाशी! त्याच नोव्हेंबरात सुरू झाली. आधी ठाण्याला बसने, आणि पावसात विटाव्याच्या पुलाखाली पाणी भरलं की संपलंच. पहिल्या आठवड्यात आम्ही काम नसताना तुर्भ्यापर्यंत जाऊन आलो. डबा रिकामा. आता दारात उभं राहायला मिळालं तरी नशीब.

राबोडी_जुना
अहो, ठाणेकरांना काय सांगता. १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, १४ डबे आणि ४०० पाहुणे. सगळ्यांना बसायला जागा! ती शेवटचीच.

ऐरोलीकर
😂😂

सावंतवाडी ते सानपाडा
कोकण रेल्वे. २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण मार्ग सुरू झाला, आम्ही त्याच मे महिन्यात गेलो. त्याआधी ठाण्याहून रातराणी, कशेडी घाटात निम्मी बस ओकत असायची. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा आला, काकूने रामरक्षा सुरू केली. रामरक्षा संपली, बोगदा संपेना. मग मारुतीस्तोत्र. कुकर लावलाय, नंतर लिहिते.

रूळवेडा
मावशी, तिथली आडवी गाडीही भारी आहे. सिडनी-पर्थ, इंडियन पॅसिफिक. पहिली सुटली २३ फेब्रुवारी १९७० ला. आधी राज्याराज्यांत गेज (दोन रुळांमधलं अंतर) वेगळं, वाटेत सामानासकट गाड्या बदला! नलारबोरच्या माळावर ४७८ किलोमीटर रूळ सरळसोट आहेत, एक वळण नाही.

घोडबंदर_त्रस्त
४७८ किलोमीटर?? इथे ४७८ मीटर सरळ गाडी चालवून दाखवा.

ऐरोलीकर
खड्डा चुकवायला वळावंच लागतं.

नेरूळची सुगरण
घानमध्ये शाकाहारी मिळतं का हो? यांच्या रिटायरमेंटनंतर विचार आहे.

कळव्याची मावशी
बहिणीला विचारते. पण तिकीट ऐकून बसा आधी. तेव्हा नुसतं बसून जायचा स्वस्त डबा होता, तो २०१६ ला बंद केला. आता सगळा शाही थाट, जेवण-बिवण धरून. मला नाही पटलं ते. रेल्वे म्हणजे कशी, दशम्या सोडून बसता आलं पाहिजे.

नेरूळची सुगरण
दशम्या दुधातल्या की साध्या?

कळव्याची मावशी
दुधातल्याच. दोन दिवस टिकतात. सोबत लसणीची चटणी.

घोडबंदर_त्रस्त
ते राहू दे, रविवारी ट्रान्सहार्बरला (हीच ठाणे-वाशी लाइन) ब्लॉक आहे का? सासूबाईंना जुईनगरला सोडायचंय.

रूळवेडा
ब्लॉक नसला तरी दुपारी न्या. सकाळी ठाण्याचा पूल चढवणार कसं त्यांना?